मदत हवी आहे: वजनाला हलकी पण आत ऐसपैस अशी स्लीपिंग बॅग

मंडळी नमस्कार,

ट्रेकवाल्या लोकांकडून जरा सविस्तर सल्ला हवाय. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही चौघं मित्र हर की दूनला चाललोय, एजन्सीबरोबर नाही, आपलं आपणच. सांक्रीपर्यंत गाडी आणि तिथून पुढे तंबू, स्टोव्ह, शिधा सगळं पाठीवर. हर की दून साधारण ३५६६ मीटरवर आहे, त्या दिवसांत रात्री पारा शून्याच्या खाली जातो. नंतर हीच बॅग डिसेंबर-जानेवारीत सह्याद्रीतल्या रेंज ट्रेकला वापरायची आहे, रतनगड ते हरिश्चंद्रगड कात्राबाईच्या खिंडीतून वगैरे. दोन वेगळ्या बॅगा घेणं परवडणार नाही, एकातच भागवायचंय.

आता अडचण सांगतो. माझी उंची ६ फूट १ इंच, खांदे रुंद, वजन नव्वदीच्या पुढे, आणि मी उताणा झोपूच शकत नाही. कुशीवर वळून एक गुडघा पोटाशी घेतला की मगच डोळा लागतो. ममी टाईपच्या (खांद्याशी रुंद, पायाकडे निमुळत्या, डोक्याला टोपी जोडलेल्या) बॅगेत गुडघा दुमडला की कापड ताणलं जातं, चेन पाठीवर रुतते, कुशी बदलायची तर अख्खी बॅग अंगाबरोबर फिरते आणि टोपी तोंडावर येते. रात्रभर तेच. दुसऱ्या दिवशी १४-१५ किलोची सॅक घेऊन चढायचं असतं त्यामुळे झोप ही माझ्यासाठी चैन नाहीये, त्यावर पुढचा सगळा दिवस अवलंबून असतो.

सध्याची बॅग सिंथेटिक आहे, चौकोनी, आत जागा भरपूर, पण वजन २ किलोच्या वर आणि कितीही दाबली तरी ६० लिटरच्या सॅकचा खालचा कप्पा एकटीच खाते. शिवाय पिशवीवर मोठ्या अक्षरात मायनस ५ छापलंय आणि रतनगडाच्या गुहेत पहाटे तीनला जॅकेट, कानटोपी, दोन मोजे घालून सुद्धा मी जागाच होतो. तिथे मायनस ५ सोडाच, शून्य सुद्धा नसणार. (कंपनीचं नाव लिहीत नाही, मला भांडण काढायचं नाहीये, नवीन बॅग घ्यायचीय.)

त्यानंतर थोडं वाचलं तेव्हा कळलं की पूर्वी ईएन १३५३७ आणि आता आयएसओ २३५३७ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात आणि काही जण पिशवीवर तिसरा आकडाच मोठा करून छापतात. एक्स्ट्रीम म्हणजे तेवढ्या थंडीत माणूस जेमतेम तग धरेल, झोप विसरा. म्हणजे आपण कम्फर्टचाच आकडा बघायचा, बरोबर ना?

मापं घरी घेऊन ठेवलीत. शिंप्याची टेप घेऊन हात अंगाशी ठेवून दंडांसकट खांद्यांचा घेर बायकोकडून मोजून घेतला, साध्या टीशर्टवर ५२ इंच आला, फ्लीस आणि पातळ जॅकेट चढवल्यावर ५६. मग हॉलमध्ये सतरंजीवर कुशीवर पडून गुडघा घेऊन गुडघ्यापासून पाठीमागे फिरवून घेर मोजला तर तो खांद्यापेक्षाही जास्त निघाला. आणि बहुतेक हलक्या ममी बॅगांचा खांद्याचा घेर ६० ते ६२ इंच असतो, गुडघ्यापाशी त्याहून कमी. त्यामुळे माझा अंदाज असा की मला खांद्याला निदान ६६ आणि गुडघ्याशी सुद्धा जवळपास तेवढाच घेर लागेल, आणि लांबी ६ फूटवाली रेग्युलर नाही तर लाँग. वजन सव्वा किलोच्या आत बसलं तर उत्तम, दीड पर्यंत चालवून घेईन.

हे तीन विचार डोक्यात आहेत:

एक म्हणजे डाऊनची, म्हणजे बदक-हंसाची मऊ पिसं भरलेली, रुंद बॅग. डेकॅथलॉनची झिरो डिग्रीवाली डाऊन बघितली, हलकी आहे, छान दाबली जाते, पण आकार ममीच. नेमो कंपनीच्या डिस्को नावाच्या बॅगा चमच्याच्या आकाराच्या असतात, कोपर आणि गुडघ्याशी रुंद, अगदी माझ्यासारख्यांसाठीच काढल्यासारख्या, पण बाहेरून मागवायच्या म्हणजे किंमत अधिक ड्यूटी. नेचरहाईकच्या पाकिटासारख्या चौकोनी डाऊन बॅगा इथे मिळतात, कोणी वापरल्यात का हिमालयात?

दुसरं क्विल्ट. म्हणजे पाठीकडची बाजूच नाही, पायाशी खोळ आणि वर रजई, बाजूने पट्ट्यांनी मॅटला बांधायची. वजन कमी आणि पाय हवे तसे पसरता येतात. पण कुशी बदलताना मागून वारा शिरतो म्हणतात. मी तर रात्रभर वळत असतो.

तिसरं म्हणजे चांगली सिंथेटिक, दवाची भीती नाही. हरिश्चंद्रगडावर सकाळी तंबूच्या आतल्या बाजूने पाणी निथळत होतं आणि माझे पाय तंबूच्या कापडाला टेकत असल्यामुळे बॅगेचा पायाकडचा भाग हाताला गारढोण आणि ओला लागत होता. डाऊन असती तर तिथले गोळे झाले असते ना? शिवाय आम्ही डोंबिवलीत राहतो, पावसाळ्याचे चार महिने कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला सुद्धा बुरशी येते, तिथे डाऊन कशी सांभाळता?

बजेट १५ हजार, फारच योग्य वाटली तर १८. लिंक नकोत, वापरलेल्यांचा अनुभव हवाय. जाड आणि उंच माणसांनी तर नक्की लिहा.

प्रतिसाद

दादा, माप घेऊन आलात ते फार बरं केलंत, बहुतेक लोक फक्त डिग्री विचारतात.

तुम्हाला एकच प्रश्न. कुशी बदलताना तुम्ही बॅगेसकट वळता की बॅग तशीच राहून आतल्या आत वळता? सगळं निवडणं ह्यावर आहे. आतल्या आत वळत असाल तर टोपीवाली बॅग घेऊच नका, कारण तुम्ही वळणार आणि टोपी जागेवर राहणार, मग रात्रभर तोंड टोपीच्या आत, श्वासाची वाफ डाऊनमध्ये, सकाळी मानेपाशी दमट. बिनटोपीची बॅग आणि डोक्याला वेगळी लोकरीची कानटोपी हे जास्त चालतं.

रुंद बॅग गार पडते असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. आत मोकळी हवा जास्त असली तर ती गरम करायला वेळ लागतो हे मान्य. पण बॅग अंगाला घट्ट असली की खांदा, गुडघा, कुल्ला जिथे आतून कापडावर दाब देतो तिथलं डाऊन चेपलं जातं आणि चेपलेलं डाऊन ऊब धरत नाही. ऊब त्याच्या फुगण्यात आहे. मोठ्या अंगाच्या माणसाला ममीमध्ये गुडघ्यावर गार लागतं ते ह्यामुळेच. जास्तीची जागा कपड्यांनी भरता येते, उद्याचे कपडे पोटापाशी घेऊन झोपा, सकाळी ते पण गरम मिळतात.

फिल पॉवर बघताना गल्लत करू नका. ८०० म्हणजे एक औंस डाऊन फुगून ८०० घन इंच जागा व्यापतं, तो झाला दर्जा. आत भरलंय किती ग्रॅम ते वेगळं विचारा. ८०० चं ४०० ग्रॅम जेवढं फुगेल तेवढं फुगायला ६५० चं ४९० च्या आसपास लागेल, म्हणजे फरक ९० ग्रॅमचा. तुमच्या बजेटमध्ये ६५०-७०० चं भरपूर भरलेलं मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, नव्वद ग्रॅमसाठी दुप्पट पैसे कशाला.

आणि मॅट!! तुमच्या स्वतःच्या मॅटबद्दल तुम्ही एका शब्दाने लिहिलं नाहीत. लेबलवरचा आकडा काढताना पुतळ्याला फुल थर्मल आणि मोजे घालून चांगल्या मॅटवर ठेवतात. आपण गुहेच्या कातळावर पातळ फोम टाकून तीच ऊब मागतो. पाठीखालचं सगळं डाऊन तुमच्या वजनाने सपाट होतं, तिथे फक्त मॅट काम करते. रतनगडावर तुम्हाला गार लागलं ते मला बॅगेपेक्षा खालून लागलेलं वाटतंय. कुशीवर झोपणाऱ्याला तर हवेची जाड मॅट लागतेच, नाहीतर खांदा जमिनीला टेकतो. मॅटची आर व्हॅल्यू (जमिनीचा गारवा ती किती अडवते त्याचा आकडा) बघा, आणि दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आर व्हॅल्यूची बेरीज होते, म्हणून हवेच्या मॅटखाली जुना फोम टाकून द्यायचा. पंक्चर झाली तरी रात्र निघते.

प्रतिसाद

मी ५ फूट २ आहे त्यामुळे तुमचा प्रॉब्लेम मला नाही 🙂 पण कम्फर्टबद्दल सांगते. तो आकडा बाईच्या हिशोबाने काढतात आणि लिमिट पुरुषाच्या, तेही अंग चोरून झोपलेल्या. तुम्हाला फार थंडी वाजत नसेल तर दोन्हीच्या मधलं धरा. तरी हर की दून ऑक्टोबर अखेर म्हणजे कम्फर्ट मायनस ५ च्या आसपासची घ्या, आणि सह्याद्रीत चेन पूर्ण उघडून पांघरुणासारखी वापरा. म्हणून चेन पायापर्यंत उघडणारी बघा, अर्ध्या चेनची हलकी असते पण आपल्याकडे उकडतं त्यात. चेनच्या आतून जाड पट्टी शिवलेली आहे ना ते पण बघा, नाहीतर चेनमधून गारवा येतो.

डाऊन सांभाळायचं म्हणाल तर आम्ही ठाण्यात खाडीजवळ राहतो, बॅग दाबून पिशवीत कधीच ठेवत नाही. जुन्या कॉटनच्या दुलईच्या खोळीत सैल भरून कपाटाच्या वरच्या खणात, भिंतीला न टेकवता. पावसाळ्यात अधूनमधून पंख्याखाली पसरायची, ऑक्टोबर हीटमध्ये दिवसभर सावलीत वाऱ्यावर. वास नाही, बुरशी नाही. ट्रेकवरून आल्यावर मात्र त्याच दिवशी बाहेर काढा, "उद्या बघू" करायचं नाही. आणि तंबूत पायाशी पाँचो किंवा रेनजॅकेट बॅगेवरून घाला, मग कापडाला टेकलं तरी ओली होत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार, एवढं कोणी दुकानात सांगत नाही.

मी आतल्या आत वळतो, बॅग जागेवरच असते. म्हणजे टोपी बाद. क्विल्ट पण मी आता सोडून देतोय, शून्याखाली मागून वारा घेत प्रयोग करायची तयारी नाही, सह्याद्रीपुरतं असतं तर घेतलं असतं. सिंथेटिक पण नको, पायाशी पाँचो टाकला की माझी मुख्य भीती जाते आणि खोळीची आयडिया घरी लगेच पास झाली.

तर आता बिनटोपीची किंवा टोपी सुटी करता येणारी, पूर्ण चेनवाली, चौकोनी किंवा चमचा आकाराची डाऊन, खांद्याला ६६ च्या वर, कम्फर्ट मायनस ५ च्या आसपास. शनिवारी दुकानात जातोय, जॅकेट घालून आत झोपून, चेन लावून, दोन्ही कुशींवर गुडघा घेऊन बघणार, दुकानदार काय म्हणेल ते म्हणो.

मॅटचं म्हणणं पटलं. बजेट आता विभागून बॅगेला १२ आणि मॅटला ४-५ असं करावं का? की बॅगेवर पूर्ण खर्च करून खाली दोन फोम टाकले तर माझ्यासारख्या कुशीवर झोपणाऱ्याचं भागेल? हवेची मॅट वजनदार माणसाने दोन-तीन सीझन वापरलेली असेल तर ती किती रुंदीची घेतली तेवढं सांगा, ५०-५१ सेंटीमीटरवरून माझा हात खाली येतो.