खुराडं थंडीत गच्च बंद करायचं की मोकळं ठेवायचं? (निफाड)

नमस्कार मंडळी,

निफाडजवळ द्राक्षबागेच्या कडेला आमचं पंचवीसेक गावरान कोंबड्यांचं खुराडं आहे. खाली कोबा, कमरेएवढ्या विटांच्या भिंती, वर जाळी आणि पत्रा. डिसेंबर-जानेवारीत इथं पारा ५-६ अंशांवर सहज येतो, घड वाचवायला बागेत शेकोट्या कराव्या लागतात.

आबा (सासरे) म्हणतात, चारी बाजूंनी ताडपत्री आवळून बांध. खाद्यवाले म्हणतात, जाळी मोकळीच ठेवा. सध्या रात्री ताडपत्री बांधतेय, तर पहाटे पत्र्यातून थेंब गळतात आणि दार उघडलं की डोळे झोंबतात. दोन तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्या) शिंकतायत, अंडी निम्म्यावर आलीत. रात्रभर बल्ब लावू का? एक खुडूक अंड्यांवर बसलीय, तिची पिल्लं ऐन थंडीत निघतील.

जुना पोल्ट्रीवाला:
ताई, डोळ्यांना झोंबतो तो अमोनिया. मोठी कोंबडी पिसं फुगवून एवढी थंडी काढते, तिला आजारी पाडते ती ओल आणि कोंडलेली हवा. ताडपत्री खालून पक्की करा, वर पत्र्याखाली वीतभर फट सोडा. वारा अंगावर येणार नाही आणि दमट हवा वरून निघून जाईल. ऊन आलं की सगळं उघडायचं.

भाताचं तूस चार-पाच इंच पसरा, दोन-तीन दिवसांनी खालीवर करा. मुठीत दाबून गोळा झाला तर ओल जास्त आहे, तेवढं काढून टाका. बसायला गोल काठीऐवजी दोन इंची चपटी पट्टी द्या, बोटं पिसांखाली झाकली जातात. शिंकणाऱ्या आजच वेगळ्या करा आणि पशुवैद्यकांना दाखवा. रानीखेत रोगाची (मानमोडीची) लस झालीय ना?

अंडी घटली ती मुख्यतः दिवस लहान झाल्यामुळे. १४ तास उजेड लागतो, आत्ता मिळतो ११. बल्ब लावायचाच तर पहाटे. संध्याकाळी तो अचानक गेला तर अंधारात त्यांना पट्टीवर चढता येत नाही.

मळेकरीण:
मी तर गावरानला बल्ब लावतच नाही. पिसं झडतायत, घेऊ दे विश्रांती. पिल्लं खुडुकीखाली असली की निम्मी काळजी मिटली, फक्त तिला कोरडा आडोसा द्या. ब्रूडर (पिल्लांना बल्बची ऊब देणारा कप्पा) केलात तर पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर गारठलीत, लांब पळाली तर उकडतंय. आणि कोळशाची शेगडी आत ठेवून दार लावू नका, विषारी वायूनं एका रात्रीत सगळी जातील.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. लस झालीय, शिंकणाऱ्या वेगळ्या केल्यात, उद्या दवाखान्यात नेते. आबांना फटीचं सांगितलं, तर म्हणाले, "मुंगसाला दार उघडून देतेस होय?" फटीला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी पुरेल का?