जूनमध्ये कॅरिबियन बेटावर जावं का? शॅक उतरवल्यावरच आम्हाला वेळ मिळतो

मोरजीची वहिनी:
नमस्कार मंडळी. आमचा किनाऱ्यावर शॅक (बांबू-झापांचं हंगामी हॉटेल) आहे आणि घरामागे चार खोल्या भाड्याला. ऑक्टोबर ते मे कुणाच्या बारशालाही जायला होत नाही. 31 मेपर्यंत शॅक उतरवायचा, बांबू आणि झापं ताडपत्रीखाली रचायची, की चवथीपर्यंत आम्ही मोकळे. यंदा लग्नाला 20 वर्षं होतायत. 29 जून 2024 च्या रात्री बार्बाडोसला आपण 7 धावांनी वर्ल्ड कप जिंकलो, तेव्हा नवऱ्याने टीव्हीसमोर उभं राहून जाहीर केलं की एकदा ते मैदान बघायचंच. मी "बघू" म्हटलं होतं. ते "बघू" आता अंगाशी आलंय.

तर जूनमध्ये तिकडे वादळं असतात का? व्हिसाचं काय? सोबत सासूबाई, वय 66, गुडघे सोडले तर ठणठणीत. आणि "घरासमोर समुद्र असताना समुद्र बघायला कशाला जाता" हे लिहू नका, त्यासाठी माझी नणंद आहे.

वास्कोचा तारवटी:
वहिनी, 9 वर्षं क्रूझवर काढली, त्यातली निम्मी त्याच पाण्यात. वादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर, पण खरा जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर. अर्थात वादळ कॅलेंडर बघून येत नाही. तुम्ही म्हणता तीच मॅच जिंकून आपली टीम बेरिल वादळामुळे बार्बाडोसला हॉटेलात अडकली, विमानतळच बंद. दिल्लीला पोचली 4 जुलैला. ब्रिजटाउनच्या मासेमारांच्या होड्यांचा तर चुराडा झाला.

म्हणून माझं ऐकाल तर त्रिनिदाद-टोबॅगो. नकाशात अगदी खाली, व्हेनेझुएलाला खेटून. बहुतेक वादळं त्याच्या वरून निघून जातात. पाऊस असतो, पण मोरजीत जून काढलेल्यांनी त्याला घाबरू नये.

व्हिसा: आपल्या पासपोर्टवर बार्बाडोसला काय किंवा त्रिनिदादला काय, फिरायला जाताना आधी काढावा लागत नाही (तिकिटाआधी नियम एकदा ताजे बघाच). गाडी अडते ती वाटेत. थेट विमान नाही. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. लंडनमार्गे गेलात तर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा बघावा लागेल, आणि हीथ्रोला उतरून गॅटविकहून उडायचं असलं तर नक्कीच. एजंट स्वस्त तिकीट दाखवतो तेव्हा "विमानतळ तोच ना?" हेही विचारा. आमच्या एका पोर्तुगीज पासपोर्टवाल्या शेजाऱ्याचं ऐकून जाऊ नका, त्याचं गणित वेगळं.

फोंड्याची अनघा:
इंजेक्शनचं कुणीच बोललं नाही! त्रिनिदादहून परत येताना भारतात यलो फीवरच्या लशीचा दाखला बघतात. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. दाखला लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतो, मग जन्मभर चालतो. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. गोव्यात वास्कोला बंदर आरोग्य कार्यालयात विचारा, आधी फोन करून वार ठरवा. आणि ताई, साठीपुढच्यांना ही लस विचार करून देतात. सासूबाईंच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीट काढूच नका.

भाऊ तिथे नोकरीला होता तेव्हा आम्ही तीन आठवडे राहिलो होतो. सकाळी गाडीवर डबल्स खायचे: हळदीच्या दोन मऊ पुऱ्या, त्यांना बारा म्हणतात, मध्ये चणे. विक्रेता मिरचीचं विचारतो, तेव्हा "स्लाइट" म्हणायचं. मी गोंयकार म्हणून तोऱ्यात पूर्ण घातली आणि रुमाल शोधत बसले. हे विकणारे म्हणजे 1845 साली फतेल रझाक जहाजातून आणि त्यानंतर भारतातून तिथल्या मळ्यांवर राबायला गेलेल्यांची पोरं-नातवंडं. 30 मे ला त्या आगमनाची तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

पण खरं सांगायचं ते कासवाचं. उत्तर किनाऱ्यावर ग्रँड रिव्हिएर म्हणून गाव आहे, तिथे मार्च ते ऑगस्ट लेदरबॅक जातीची प्रचंड समुद्री कासवं अंडी घालायला येतात. तुमच्या मोरजीत तेंबवाड्याच्या किनाऱ्यावर येतं ते ऑलिव्ह रिडले कासव पाटाएवढं. हे पाटावर मावायचं नाही, अंगणातली बाज लागेल! मागच्या पायांनी चमच्यासारखी वाळू उचलून बाजूला ठेवतं, उचलतं, ठेवतं. घाईच नाही. डोळ्यांतून चिकट पाणी गळत असतं, जादा मीठ बाहेर पडतं म्हणे. गाइडचा लाल दिवा सोडून बाकी मिट्ट काळोख.

वास्कोचा तारवटी:
एक राहिलं. जूनच्या सुमाराला पूर्वेच्या किनाऱ्यांवर सारगॅसम शेवाळ येऊन कुजतं. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर डांबराचे गोळे येतात ना, तसलाच वैताग. पोहायचं टोबॅगोला, पिजन पॉइंटच्या बाजूला. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये मात्र रात्री उगाच पायी भटकू नका.

मोरजीची वहिनी:
आभार सगळ्यांचे. त्रिनिदाद म्हटल्यावर नवऱ्याचं तोंड उतरलं होतं. मग त्याला आठवण केली की गावसकरने 1971 मध्ये आयुष्यातली पहिली कसोटी पोर्ट ऑफ स्पेनलाच खेळली आणि त्याच दौऱ्यात तिथेच 124 आणि 220 केले, दात दुखत असताना. आता तो बार्बाडोसचं नाव काढत नाही.

सासूबाईंना कासवाचं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दारातलं कासव बघायला तुम्ही मला कधी उठवलं नाहीत ते?" खरंच नाही उठवलं. आमच्या हंगामात ती रात्री येतात, आणि तेव्हा आम्ही भांडी घासत असतो.

सोमवारी त्यांच्या डॉक्टरांकडे नेते. ते हो म्हणाले तर वास्कोला फोन.