भेदरलेलं, अंगावर येणारं मांजर तुम्ही कसं माणसाळवलंत?

गच्चीवरची
आज खालच्या मीटरच्या खोलीत एक पिवळा बोका शिरलाय. फिस्कारतोय, आणि अर्धी बिल्डिंग दारात उभी राहून त्याला हाका मारतेय. आमची काळी आठवली. बांधकामावरून उचलून आणली तेव्हा दिवाणाखाली जी घुसली ती दिवसा बाहेरच येईना. हात पुढे केला की ओरबाडलंच. म्हणून हात पुढे करणंच बंद केलं. ताटली ठेवायची, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं आणि पेपर मोठ्याने वाचायचा. अग्रलेख, राशिभविष्य, निविदा सूचना, सगळं ऐकलंय तिने. ताटली रोज वीतभर आपल्याकडे सरकवायची. एका दुपारी पायाला गार काहीतरी लागलं. बघते तर बाई माझ्या जोडव्याचा वास घेतायत! पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही. मग तिने जोडव्यावर गाल घासला. तुमचेही लिहा.

रस्सामंडळ
निविदा सूचना, हाहाहा. आमच्याकडे जवळ्याने काम केलं. नुसता वास सुटला की कपाटावरून खाली. फक्त खारवलेला नको, बिनमिठाचा बघून घ्या. आणि दूध देऊ नका हो, बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, मग निस्तरा.

चष्मिष
टक लावून बघू नका, त्यांना ती धमकी वाटते. डोळे अर्धवट मिटून हळूच उघडायचे. ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये यावर अभ्यास छापलाय, अनोळखी माणसाने असं केलं तरी मांजरं जास्त जवळ येतात म्हणे. मी करून पाहिलं. मांजराने उलट डोळे मिचकावले, सासूबाईंनी विचारलं डोळ्यात काही गेलंय का.

पोळ्या लाटतेय
नवऱ्याला चावली होती. लगेच नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही लावायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना आणि रेबीजची इंजेक्शनं पूर्ण घ्यायची. ती पलंगाखाली, हा पलंगावर पाय वर घेऊन. आता त्याच्याच उशीवर झोपते, मला विचारत नाही.

निमकर वाडी
पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसांत आलं तर पटकन रुळतं. मोठं असेल तर आपल्या घाईचा काही उपयोग नाही. आमचा बोका वर्षं लोटली तरी मांडीवर येत नाही. दारात बसतो, मी गेट उघडलं की शेपटी वर करून चार पावलं येतो, थांबतो. मला तेवढं पुरतं. मांडीवर बसवायचा हट्ट माणसांचाच असतो.

गच्चीवरची
@निमकर वाडी, अगदी.
बोक्याच्या कानाचं टोक कापलेलं आहे, म्हणजे नसबंदी झालेली दिसतेय. गर्दी हटवली, दिवा बंद करून दार किलकिलं ठेवलंय.

तिरंगी_माऊ
@रस्सामंडळ बिनमिठाचा जवळा पुण्यात कुठे मिळेल? मांजरासाठी. थोडा आमच्यासाठीही.

रस्सामंडळ
मंडईच्या बाजूला विचारा, कोरडा खुळखुळीत बघून घ्या. कांदा घालून परतलात तर तो फक्त तुमचा, मांजरांना कांदा विषारी.

पोळ्या लाटतेय
कोकम घालता की चिंच?