लग्नातल्या टेबलांवरची फुलांची सजावट घरीच करायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीचं लग्न आहे आणि जेवणाच्या टेबलांवर मधोमध फुलांची जी सजावट असते ना, सेंटरपीस म्हणतात ते, ते आम्ही घरीच करायचं ठरवलंय. म्हणजे ठरवलं बहिणीने, मी नुसती मान डोलावली आणि आता सगळं माझ्या गळ्यात पडलंय. "डेकोरेटरला देऊन टाक" हा सल्ला घरातल्या निम्म्या लोकांचा देऊन झालाय, त्यामुळे तो सोडून बाकी कुठलाही सल्ला चालेल :)

तर परिस्थिती अशी. 22 गोल टेबलं, प्रत्येकावर 8 माणसं बसणार. काचेच्या रुंद तोंडाच्या बरण्या जमवून झाल्यात, तोंड साधारण 10 सेंमी. फुलं बहिणीने निवडलीत ती म्हणजे पीच रंगाचे गुलाब, पांढरी कार्नेशन, मध्ये मध्ये जिप्सी (ती बारीक पांढऱ्या फुलांची झुबकेदार) आणि हिरवं म्हणून शतावरी. कार्यक्रम संध्याकाळी आहे, हॉल दुपारी ताब्यात मिळेल. हाताशी मी, एक मावसबहीण आणि एक मित्र ज्याला गुलाब आणि जास्वंद यातला फरक कळतो एवढंच.

परवा एक ट्रायल केली. रात्री बरणी भरली तेव्हा झकास दिसत होती, सकाळी बघतो तर दोन तीन गुलाबांनी माना टाकलेल्या. पाकळ्या चांगल्या ताज्या, रंगही उतरलेला नाही, फक्त फुलाच्या खाली बोटभर अंतरावर दांडी मोडल्यासारखी वाकलेली. हे कशामुळे होतं? पाणी तर भरपूर होतं.

दुसरं म्हणजे फुलं बरणीत घातली की सगळी कडेला पळतात आणि मध्ये भोक पडतं, ते भोक भरायला अजून फुलं घाला की ती पण कडेला. असं करत करत एका बरणीत किती गेली विचारू नका. हिरवा फोम मिळतो तो घ्यावा का, आणि काचेच्या बरणीत तो दिसणार त्याचं काय?

आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे वेळेचा, कधी आणायची, कधी मांडायची, आदल्या दिवशी सगळं करून ठेवलं तर टिकेल का की त्याच दिवशी सकाळी बसायचं? घरात साधा फ्रिज आहे, तोही लग्नघरातला म्हणजे गच्च भरलेला. जाणकारांनी प्लीज मार्गदर्शन करा, मला यातलं ओ की ठो कळत नाही.

---

उगाचच_आलो:

बाकीचं जाणकार सांगतील, मी फक्त उंचीचं सांगतो कारण हे पाहुणा म्हणून भोगलंय. टेबलावर कोपर टेकवा, हात सरळ वर करा, फुलं मनगटाच्या वर जाऊ देऊ नका. म्हणजे बरणीसकट 30 सेंमीच्या आसपास. त्यापेक्षा उंच गेली की समोरच्याशी बोलताना प्रत्येक वाक्याला मान डावीउजवीकडे करावी लागते आणि शेवटी कोणीतरी ती बरणी उचलून खाली जमिनीवर ठेवतं. उंचच हवं असेल तर मग 60 सेंमीच्या वर न्या आणि खाली बारीक दांडा ठेवा, मधलं काही नको.

---

देठापासून:

दादा, तुमच्या गुलाबांना तहान लागली होती, बरणीत पाणी असूनसुद्धा. दांडी कापली की तोंडाशी हवा शिरते, नाहीतर पाण्यातले जंतू वाढून तिथे बूच बसतं, मग पाणी वर चढत नाही आणि सगळ्यात कोवळा भाग म्हणजे फुलाखालची मान, ती आधी लवते. पाकळ्या ताज्या दिसतात म्हणून लोकांना वाटतं फूलच खराब निघालं, पण ते लवकर लक्षात आलं तर वाचतं. असा गुलाब काढा, दांडीचा खालचा दोन तीन सेंमी भाग पाण्याखाली धरून तिरका कापा, फूल आणि मान वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा म्हणजे मान सरळ राहील, आणि कोमट पाण्याच्या खोल बादलीत दोन तास उभा करून ठेवा. बहुतेक वेळा उठतो.

पण मुळात हे होऊ नये म्हणून फुलं घरी आली की थेट बरणीत घालायचीच नाहीत. आधी बादलीत. प्रत्येक दांडी तिरकी कापायची, पाण्यात बुडेल तेवढ्या भागावरची सगळी पानं काढायची (पाण्यात राहिलेलं पान कुजतं आणि काचेच्या बरणीत ते दिसतंही), मग खोल पाण्यात, थंड आणि अंधाऱ्या खोलीत, ऊन नाही पंखा नाही, रात्रभर. या एका रात्रीवर सगळं अवलंबून असतं. बादल्या आधी साबणाने घासून घ्या, तुमच्या घरात ज्या भांड्यातून स्वतः पाणी प्याल इतक्या स्वच्छ हव्यात. कात्री धारदार घ्या, शक्यतो सिकेटर म्हणजे झाडं छाटायची कात्री, कागद कापायच्या बोथट कात्रीने दांडी चेपते.

गुलाबाच्या बाहेरच्या एक दोन पाकळ्या जाड, हिरवट, कडेला डागाळलेल्या असतात. त्या खराब नसतात, कळीचं रक्षण करायला असतात, मांडायच्या वेळी हळूच खाली ओढून काढा, आतून स्वच्छ फूल निघतं. त्या आधी काढू नका, वाहतुकीत त्यांचाच उपयोग होतो.

वेळेचं म्हणाल तर गुलाब आणि कार्नेशन दोन दिवस आधी आणा, गुलाब घट्ट कळी असेल तर त्याला उमलायला तेवढा वेळ लागतोच. जिप्सी आणि शतावरीही तेव्हाच आणली तरी चालेल. मांडणी आदल्या दिवशी दुपारी.

---

फुलपाखरू_नव्हे:

फोम घ्या हो सरळ, कशाला डोकेफोड. फूल जिथे खुपसाल तिथे राहतं, हलत नाही, सांडत नाही. फक्त एक करा, तो पाण्यावर नुसता ठेवून द्या आणि आपोआप बुडू द्या, हाताने दाबून बुडवायला गेलात तर आत कोरडा राहतो आणि त्या कोरड्या भागात गेलेलं फूल संध्याकाळपर्यंत मान टाकतं. काचेत दिसतो म्हणून आतून एखादं मोठं पान गुंडाळायचं. आणि एकदा खुपसलेलं फूल उपसून पुन्हा त्याच भोकात घालू नका, खाली हवेची पोकळी राहते.

---

देठापासून:

फुलपाखरू, बुडवायचं अगदी बरोबर सांगितलंत, पण या कामाला फोम नको असं माझं मत. हा फोम 1954 पासून वापरात आहे आणि सोयीचा आहे यात वादच नाही, पण ते शेवटी प्लास्टिक आहे, चुरा होऊन पाण्यात जातं आणि एकदा सुकला की पुन्हा पाणी नीट धरत नाही, म्हणजे एकदाच वापरून फेकायचा. ब्रिटनमधल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकामाच्या संस्थेने 2021 पासून आपल्या शोंमध्ये त्यावर बंदी घातली ती याचसाठी. आणि ज्यांच्याकडे पाणी भरायला सुंदर काचेची बरणी आहे त्यांनी फोम का घ्यावा?

बरणीच्या तोंडावर सेलोटेपची जाळी करा. पारदर्शक, बारीक पट्टीची टेप, तीन पट्ट्या आडव्या तीन उभ्या, दोन सेंमीच्या आसपास चौकोन पडतील. कड पूर्ण कोरडी हवी नाहीतर टेप सुटते, म्हणून आधी टेप आणि मग झारीने पाणी. टोकं कडेवरून अर्धा सेंमीच खाली आणा आणि शेवटी गोल एक पट्टी फिरवून ती दाबून टाका. आता दांडी ज्या चौकोनात घालाल तिथेच राहील. क्रम असा धरा की आधी शतावरी सगळीकडून थोडी बाहेर झुकेल अशी, तिनेच टेपही झाकली जाते, मग मधल्या चौकोनात सगळ्यात उंच गुलाब, त्याच्याभोवती जरा आखूड तिरके, मग कार्नेशन, आणि जिप्सी अगदी शेवटी. जिप्सी आधी घातलीत तर तिचा गुंता होऊन बाकी काही आत शिरत नाही.

टेपवर विश्वास नसेल तर प्लास्टरला वापरतात ती चिकन मेशची जाळी, तिचा सैल बोळा करून आत बसवा. पण ती अपारदर्शक भांड्यात बरी, काचेत तारा दिसतात.

---

चष्मा_विसरला:

देठापासूनताई, वाचनखूण साठवली आहे. एक शंका, बरणीतल्या पाण्यात साखर टाकतात ते खरं का? आमच्याकडे कोणी अ‍ॅस्पिरिन टाका म्हणतं, कोणी नाणं.

---

देठापासून:

साखर एकटी टाकू नका, ती फुलांइतकीच जंतूंनाही आवडते, दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ. फुलांच्या पाण्यात टाकायची पुडी विकत मिळते, तिच्यात तीन गोष्टी असतात, साखर खाणं म्हणून, आम्ल पाणी चढायला सोपं जावं म्हणून, आणि जंतुनाशक. पुडी मिळाली तर तीच वापरा, पाकिटावर लिहिलंय त्याच प्रमाणात. नाही मिळाली तर नुसतं स्वच्छ पाणी आणि ते बदलत राहणं पुरे. नाणं खिशात ठेवा.

---

धागाकर्ता:

बापरे, एवढं सगळं! खूप खूप धन्यवाद. टेपची जाळी आत्ताच करून बघितली, भोक गायब!! मनगटाचं पण मोजलं, माझी ट्रायलची बरणी मनगटाच्या बरीच वर जात होती, म्हणजे कापाकापी आली.

आता फ्रिजचं सांगा ना. मामेभाऊ म्हणतोय त्याच्या घरचा फ्रिज अर्धा रिकामा करून देतो. आणि बहीण आता म्हणतेय की निशिगंध पण घाल, आणि लिली पण.

---

उगाचच_आलो:

बहिणीला आवरा.

---

पानसुपारीवाली:

निशिगंध माझं लाडकं फूल आहे पण जेवणाच्या टेबलावर नको. रात्र चढते तसा त्याचा वास चढतो, बंद हॉलमध्ये काही जणांना डोकं धरतं आणि जेवणाचा वास तर मरतोच. स्टेजवर लावा, प्रवेशाशी लावा, तिथे शोभतो. लिलीचा प्रश्न वेगळाच. तिच्या मध्ये ते तपकिरी परागकोश असतात ना, त्याचा डाग कपड्याला लागला तर सहज जात नाही आणि लग्नात कोणाच्या अंगावर काय कपडे असतात ते तुम्ही जाणताच. लावायचीच असेल तर कळी उघडल्या उघडल्या, पराग सुटायच्या आत, चिमटीत धरून ते कोश काढून टाका. चुकून पराग पडलाच तर ओल्या फडक्याने पुसू नका, सेलोटेप चिकटवून उचला. आणि घरात मांजर असेल तर लिली घरात आणूच नका, मांजरांना ती फार विषारी, नुसते पराग अंगावरून चाटून पोटात गेले तरी किडनीवर जातं.

फ्रिजबद्दल: त्यात फळं असतील तर फुलं ठेवू नका. पिकत्या फळांतून, सफरचंद केळी वगैरे, इथिलीन वायू निघतो आणि त्याने फुलं लवकर म्हातारी होतात. कार्नेशन तर त्यात सगळ्यात नाजूक, पाकळ्या आत वळवून झोपल्यासारखी मिटतात. भाजीफळं सगळी काढली, आतून पुसून घेतला तर ठीक. ऑर्किड किंवा अँथुरियमचा विचार कोणाच्या डोक्यात आला तर ती अजिबात नको फ्रिजमध्ये, गरम प्रदेशातली फुलं ती, 10 अंशांच्या खाली काळी पडतात.

---

देठापासून:

पानसुपारीवाली यांच्याशी 100% सहमत. मी तर म्हणेन 22 बरण्या फ्रिजमध्ये मावणारच नाहीत, तेव्हा तो नाद सोडा, घरातली सगळ्यात थंड खोली पकडा, पडदे लावा आणि दार बंद. गुलाबांवर पाणी शिंपडून मात्र ठेवू नका. दिसायला छान वाटतं, पण बंद खोलीत रात्रभर पाकळ्या ओल्या राहिल्या की त्यांच्यावर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात.

आणि हिशोब लिहून घ्या. 10 सेंमीच्या तोंडाला 6 गुलाब आणि 5 कार्नेशन पुष्कळ झाले. म्हणजे 132 गुलाब, 110 कार्नेशन, त्यावर दहा टक्के मोडतोडीचे धरा, 145 आणि 121. पहिल्या बरणीला अर्धा तास लागेल, मग हात बसला की पंधरा मिनिटांत एक. तिघं असाल तर दोन अडीच तासांत आटपेल, पण तिघांनी आपापल्या बरण्या करू नका. एकाने फक्त दांड्या मापात कापायच्या आणि पानं काढायची (इथे तुमचा जास्वंदवाला मित्र), दुसऱ्याने शतावरी घालायची, फुलं एकाच हाताने लागू देत, नाहीतर 22 बरण्या 22 तऱ्हेच्या होतात.

---

धागाकर्ता:

मित्राला काम सांगितलं, खूष आहे. निशिगंध स्टेजवर, लिली रद्द, बहिणीने तोंड वाकडं केलं पण कपड्यांवरच्या डागाचं ऐकून गप्प बसली. शेवटचा प्रश्न, भरलेल्या बरण्या गाडीतून न्यायच्या कशा?

---

चष्मा_विसरला:

हे मला येतं! बाटल्यांचे क्रेट असतात ना कप्प्यांचे, ते मागून आणा, मावत नसतील तर खोक्याच्या झाकणाला बरणीच्या मापाची भोकं पाडून त्यात बसवा. पाणी गाडीत चढवायच्या आधी ओतून टाकायचं, फक्त दांड्यांची टोकं बुडतील इतकंच ठेवायचं. बरणीत अर्धा लिटर धरलं तरी 22 बरण्यांचं 11 किलो पाणी होतं, ते गाडीत हिंदकळवत न्यायचं कशाला. बाकीचं हॉलवर जाऊन भरायचं. सोबत कॅन, लांब तोंडाची झारी, जुना टॉवेल आणि सिकेटर घ्या.

---

देठापासून:

बरोबर. आणि खिडक्या बंद, एसी लावा पण झोत फुलांवर नको, वाऱ्याने पाकळ्या सुकतात. ती जास्तीची 13 गुलाबं आणि 11 कार्नेशन घरी विसरू नका, बादलीतच हॉलवर न्या. दोन चार फुलं वाटेत मोडणारच, तिथल्या तिथे बदलता येतील. बरण्या टेबलांवर पाहुण्यांच्या तासभर आधी ठेवा, त्याआधी नाही, टेबलक्लॉथ घालणारी मुलं त्या हलवतात आणि निम्म्या सांडतात.