२००९चा स्टार ट्रेक : कर्कला सगळं फुकटात मिळालं का?

ध्रुवमत्स्य

गेल्या आठवड्यात भाची सुट्टीला आली होती. तिला जे. जे. एब्रम्सचे दोन्ही स्टार ट्रेक दाखवले, २००९चा आणि २०१३चा 'इनटू डार्कनेस'. दोन्ही तिला जाम आवडले. दुसऱ्या दिवशी मी हट्टाने १९८२चा 'द रॅथ ऑफ खान' लावला. तो संपल्यावर ती बराच वेळ गप्प बसून होती. आदल्या दिवशीची बडबड कुठल्या कुठे गेली होती. तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते इथे मांडतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टार ट्रेक म्हणजे एंटरप्राइझ या अवकाशयानाच्या सफरींची अमेरिकन टीव्ही मालिका. मूळ मालिका १९६६ ते १९६९, ७९ भाग. कॅप्टन कर्क म्हणजे विल्यम शॅटनर, व्हल्कन ग्रहावरचा त्याचा सहकारी स्पॉक म्हणजे लेनर्ड निमॉय. पुढे त्यांचेच सहा चित्रपट आले. २००९मध्ये तीच पात्रं तरुण करून, नवे नट घेऊन गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. क्रिस पाइन कर्क झाला, झॅकरी क्विंटो स्पॉक.

या रीबूटवर लोक काय काय बोलतात ते मला ठाऊक आहे. पडदाभर चमकणारे प्रकाशाचे फराटे, बिअरच्या कारखान्यात चित्रित केलेली इंजिन रूम वगैरे. मला त्याचं काही वाटत नाही. माझी तक्रार एकच आहे. नव्या कर्कला कशाचीच किंमत मोजावी लागत नाही.

'कोबायाशी मारू' ही परीक्षाच घ्या. ही मुद्दाम हरण्यासाठीच आखलेली परीक्षा. मरण समोर आलं की अधिकारी कसा वागतो, ते बघायचं. कर्क विद्यार्थी असताना संगणकात फेरफार करून ती जिंकतो. २००९मध्ये तो सफरचंद खात खात ती जिंकतो, प्रेक्षक हसतात, गोष्ट पुढे जाते. १९८२मध्येही तो हा किस्सा सफरचंद खातच सांगतो, पण तिथे त्याचा हिशोब शेवटी पुरा होतो. स्पॉक किरणोत्सर्गाने भरलेल्या कक्षात शिरून जहाज वाचवतो. कर्क धावत येतो तेव्हा मधे काच आहे. स्पॉक कसाबसा उठतो, अंगातला कोट नीट ओढून घेतो आणि चालत येऊन काचेवर आपटतो, कारण त्याला दिसत नाहीये. मग तो म्हणतो, मी ती परीक्षा कधी दिलीच नव्हती, आज दिली. नंतर कर्क आपल्या मुलाजवळ कबूल करतो की आजवर मी मरणाला फसवत आलो, समोर कधी गेलोच नाही.

'इनटू डार्कनेस'मध्ये हाच प्रसंग उलटा केलाय. कर्क काचेच्या आत, स्पॉक बाहेर. आणि चित्रपट संपायच्या आत खलनायक खानच्या रक्ताचं इंजेक्शन देऊन कर्क जिवंत! १९८२चा स्पॉक परत यायला आम्हाला दोन वर्षं थांबावं लागलं. त्याला परत आणताना कर्कचा मुलगा मारला गेला आणि एंटरप्राइझ त्याला स्वतःच्या हाताने उडवावी लागली. सात वर्षांनी, १९९१च्या चित्रपटातही तो मुलाला मारणाऱ्या क्लिंगॉन लोकांना माफ करू शकलेला नाही.

भाची गप्प झाली ती या काचेपाशी. तुम्हाला काय वाटतं?

अवकाशवेडी

लेख मनापासून लिहिलाय, पण पटला नाही.

मी २००९च्या चित्रपटातूनच स्टार ट्रेकमध्ये आले. अकरावीत होते. पहिली काही मिनिटं आठवा. केल्विन जहाजाला भगदाड पडतं, एक बाई बाहेर अवकाशात ओढली जाते आणि सगळा आवाज बंद होतो. थिएटरमध्ये एवढा धडामधुडूम चाललेला असताना अचानक शांतता. कर्कचा बाप बारा मिनिटं कॅप्टन असतो. त्या बारा मिनिटांत तो आठशे माणसं वाचवतो, बायकोला बाळाचं नाव सांगतो आणि मरतो. ही किंमत नाही तर काय आहे? कर्क त्याच्याशिवाय वाढतो. आडदांड होतो तो त्यामुळेच.

आणि स्पॉकचा व्हल्कन? अख्खा ग्रह गेला. सहा अब्ज माणसं. स्पॉकची आई त्याच्या हाताच्या अंतरावरून खाली जाते. उरलेले जेमतेम दहा हजार. जुन्या चित्रपटांत एवढी मोठी गोष्ट करायची कुणाची हिंमत झाली होती? त्यांना ग्रह परत आणता आला असता, काळात मागे जाणं या मालिकेत काही नवीन नाही. पण त्यांनी आणला नाही.

मी त्या एका चित्रपटामुळे नंतर सगळे ७९ भाग पाहिले. एकटीने, होस्टेलवर, रात्री जागून. माझ्यासारखे कितीतरी असतील.

नाना_डोंबिवली

धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत.

आमच्या वेळी दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचं. बिल्डिंगमध्ये दोनच टीव्ही, आम्ही पोरं चपला दाराबाहेर काढून ओळीने बसायचो. इंग्रजी अर्धं कळायचं नाही. तरी कर्क हा माणूस कॅप्टनच्या खुर्चीत बसून विचार करतोय हे कळायचं.

'ऑब्सेशन' नावाचा १९६७चा भाग आहे. कर्क तरुण अधिकारी असताना फॅरागट जहाजावर एका ढगासारख्या जीवावर गोळी झाडायला क्षणभर कचरला. कॅप्टनसकट दोनशे माणसं गेली. अकरा वर्षांनी तो जीव पुन्हा समोर येतो आणि हा माणूस वेडापिसा होतो. त्या खुर्चीत बसायच्या आधी त्याने हे ओझं वागवलंय. नवा कर्क काय करतो? निलंबित विद्यार्थी म्हणून जहाजावर चोरून चढतो आणि चित्रपट संपताना कॅप्टन होतो! आमच्याकडे रेल्वेत गार्ड व्हायलाही यापेक्षा जास्त वर्षं लागतात.

शेवंती

नाना, आठवणी छान आहेत, पण जुन्या मालिकेची बाजू जरा जास्तच ओढताय असं वाटतं. मीही तिची भक्त आहे म्हणूनच लिहिते.

'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' हा सगळ्यांचा लाडका भाग, ६ एप्रिल १९६७. १९३०च्या न्यूयॉर्कमध्ये कर्क एडिथ कीलरच्या प्रेमात पडतो. ती वाचली तर इतिहास बिघडणार, म्हणून तो डोळ्यांदेखत तिला गाडीखाली जाऊ देतो, वर जहाजाचा डॉक्टर मॅकॉय याला तिला वाचवण्यापासून धरून ठेवतो. मी आजही तो भाग पाहताना रडते. पण पुढच्याच आठवड्याचा भाग पाहा, 'ऑपरेशन : अॅनायलेट'. त्यात कर्कचा सख्खा भाऊ मरतो. भावजय मरते. पुतण्या आजारी पडतो. आणि भाग संपताना सगळे ब्रिजवर, म्हणजे जहाजाच्या नियंत्रण कक्षात, उभे राहून स्पॉकच्या डोळ्यांवरून थट्टामस्करी करतात! पुढे मालिकेत एडिथचं नाव कधी निघालं? भावाचा शोक कधी दिसला?

किंमत मोजणं ही मूळ मालिकेची सवय नव्हतीच. त्या काळी दर आठवड्याला पाटी कोरी करून पुन्हा सुरू करायची पद्धत होती, कारण प्रेक्षकाने मागचा भाग पाहिलेला असेलच असं नाही. किंमत आली ती १९८२मध्ये, निकोलस मायरच्या चित्रपटात. आणि तेव्हा खुद्द जीन रॉडनबेरीला तो चित्रपट फार लष्करी वाटला होता. म्हणजे ज्याला तुम्ही खरा स्टार ट्रेक म्हणताय, तो त्याच्या निर्मात्याच्या मते वाट चुकलेला होता.

ध्रुवमत्स्य

शेवंती, हा मुद्दा मला आधी सुचायला हवा होता. दोन्ही भाग लागोपाठ आले हे माझ्या लक्षातच नव्हतं. मान्य.

तरीही एक फरक राहतो. एडिथ मेली ती मेलीच. त्या भागाच्या शेवटी कर्क एवढंच म्हणतो, की चला इथून. त्याच्या तोंडावर काय आहे ते बघा. पुढच्या आठवड्यात लेखक विसरले हा त्यांचा दोष, पण त्या पन्नास मिनिटांत कुणी इंजेक्शन घेऊन आलं नाही.

अवकाशवेडी, व्हल्कनबद्दल तुमचं बरोबर आहे. तो प्रसंग मी उगीच गाळला. माझी खरी तक्रार २०१३च्या चित्रपटाबद्दल जास्त आहे, हे लिहिताना मलाही जाणवलं नव्हतं.

एडिसनकर

किमतीचं बोलताय तर खानबद्दल कुणीच कसं बोललं नाही?

१९६७च्या 'स्पेस सीड' भागात खान नूनियन सिंग पहिल्यांदा आला. जहाजावरची इतिहासतज्ज्ञ त्याच्याकडे बघून म्हणते, उत्तर भारतातला असावा, बहुधा शीख. १९९२ ते १९९६ या काळात त्याने आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत पाव जगावर राज्य केलं, असं त्या गोष्टीत आहे. अमेरिकन दूरचित्रवाणीवर, तेही १९६७ साली, सगळ्यात बुद्धिमान आणि ताकदवान माणूस आपल्याकडचा! २०१३मध्ये तो कोण झाला? बेनेडिक्ट कंबरबॅच. नट उत्तमच आहे, आवाज तर अप्रतिम. पण खान नूनियन सिंग हे नाव त्याच्या तोंडून ऐकताना मला थिएटरमध्ये अक्षरशः लाज वाटली. शेजारी माझा मुलगा होता. त्याने विचारलं, बाबा, हा सिंग कसा? मला उत्तर देता आलं नाही.

वर चित्रपट येईपर्यंत हे चित्रपटवाले तो खान नाहीच असं सांगत राहिले. प्रेक्षकाला चकवायच्या नादात गेलं ते असं.

रानवारा

एडिसनकर, भावना समजते. पण १९६७चा खानही रिकार्डो मॉन्टलबान होता, मेक्सिकोत जन्मलेला. त्याला गडद रंग लावून शीख बनवला होता, ना पगडी ना दाढी. तेव्हाही आपला माणूस नव्हताच.

एडिसनकर

नव्हता, खरंय. पण १९६७ची चूक २०१३मध्ये सुधारता आली असती ना! छेचाळीस वर्षांत हॉलिवूडमध्ये भारतीय वंशाचे नट कमी नव्हते. २००९च्या चित्रपटात केल्विनचा कॅप्टन रोबाऊ झाला होता फरान ताहिर, पाकिस्तानी वंशाचा. काय रुबाब होता त्या चार मिनिटांत! म्हणजे याच लोकांना ते जमत होतं.

आणि १९७९च्या पहिल्या चित्रपटात आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा होती. इलियाच्या भूमिकेसाठी तिने डोक्यावरचे सगळे केस उतरवले. माझी आई तो फोटो दाखवून सांगायची, ही आपल्या मुंबईची.

अवकाशवेडी

खानच्या बाबतीत एडिसनकर यांच्या बाजूने. तिथे बचाव करण्यासारखं काही नाही.

पण रीबूटने जे दिलं तेही लिहा ना कुणीतरी. जहाजावरची संपर्क अधिकारी उहुरा, तिला पडद्यावर पहिलं नाव कधी मिळालं? २००९मध्ये. न्योटा. त्रेचाळीस वर्षं ती नुसती उहुरा होती, कानाला ते यंत्र लावून 'संदेश येतोय कॅप्टन' म्हणणारी. तिची भूमिका करणारी निशेल निकल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडणार होती आणि मार्टिन ल्यूथर किंगने तिला थांबवलं, हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. मग त्या पात्राला नाव द्यायला एवढी वर्षं का लागली? रीबूटमधली झोई साल्डान्याची उहुरा रोम्युलन या परग्रहवासी शत्रूंच्या भाषेच्या तिन्ही बोली समजते आणि त्या जोरावर ब्रिजवरची जागा मिळवते.

पारिजात_७१

आणि तिलाच मग स्पॉकची मैत्रीण करून टाकतात. 'इनटू डार्कनेस'मध्ये तर ऐन मोहिमेत, यानात बसून, तू माझा विचार का केला नाहीस म्हणून भांडण. मला ती जागा खटकली. त्याच चित्रपटात कॅरल मार्कस या शास्त्रज्ञ बाईला विनाकारण कपडे बदलताना दाखवलं, त्याबद्दल लेखक डेमन लिंडलॉफने पुढे माफी मागितली. एक पाऊल पुढे, एक मागे.

रानवारा

एक आठवण करून देतो. २००२चा 'नेमेसिस' साफ आपटला, २००५मध्ये 'एंटरप्राइझ' मालिका बंद पडली. १९८७पासून टीव्हीवर सलग काही ना काही चालू होतं, ते थांबलं. २००९ने सुमारे ३८.५ कोटी डॉलर कमावले नसते तर आज नव्या मालिका आल्या असत्या का? २०१३च्या ऑगस्टमध्ये लास वेगासच्या संमेलनात चाहत्यांनी 'इनटू डार्कनेस'ला सगळ्यात वाईट ठरवलं, आणि तिकिटबारीवर तोच सगळ्या स्टार ट्रेक चित्रपटांत पुढे. दोन्ही खरं आहे.

नाना_डोंबिवली

गल्ल्याचं मला सांगू नका. १९६८मध्ये मालिका बंद होणार म्हणून लोकांनी वाहिनीला पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरं वर्ष मिळवलं. ती पत्रं गल्ला बघून लिहिली नव्हती.

शेवंती

आणि त्या तिसऱ्या वर्षात काय मिळालं नाना? स्पॉकचा मेंदू चोरीला जातो तो भाग! तरी आपण प्रेम केलंच ना. मग पाइन आणि क्विंटोवर थोडं करायला काय हरकत आहे?

अवकाशवेडी

ध्रुवमत्स्य, भाचीला तिसरा, २०१६चा 'बियॉंड' दाखवला नाहीत. तोच राहिला आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

निमॉय फेब्रुवारी २०१५मध्ये गेले. रीबूटमध्ये ते भविष्यातून आलेला म्हातारा स्पॉक झाले होते. चित्रपटात तरुण स्पॉकला बातमी मिळते की म्हातारा स्पॉक गेला. आता तो एंटरप्राइझ सोडायचं ठरवतो. का? नव्या व्हल्कनवर उरलेल्या लोकांसाठी म्हाताऱ्याचं काम अपुरं राहिलंय म्हणून. त्यापायी उहुराशीही दुरावा येतो. म्हणजे २००९मध्ये गेलेल्या ग्रहाचं देणं हा माणूस सात वर्षांनी, तिसऱ्या चित्रपटात फेडतोय. विसरलेला नाही. शेवटी म्हाताऱ्याची पेटी उघडतो. आत जुन्या सगळ्यांचा फोटो. शॅटनर, निमॉय, केली, निकल्स, सगळे उतारवयातले. क्विंटो तो हातात धरून काहीच बोलत नाही.

ध्रुवमत्स्य

हे मी पाहिलं होतं आणि जोडून बघितलं नव्हतं. फोटोपाशी डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते निमॉयसाठी. तो जाणार का होता ते विसरलोच.

स्पॉकच्या बाबतीत माझं म्हणणं मागे घेतो. कर्कच्या बाबतीत नाही. ते इंजेक्शन मी अजून माफ केलेलं नाही. भाची रविवारपर्यंत आहे. शनिवारी रात्री 'बियॉंड' लावतो.