पायी चालताना गाडीची धडक बसली तर

बी-३०४ : सर्वांना नमस्कार. मंगळवारी सकाळी दूध घेऊन परतताना आपल्या सोसायटीच्या गेटसमोरच माझ्या सासूबाईंना एका मोटारीची धडक बसली. फुटलेल्या पिशवीतले दूध रस्त्यावर पसरले होते, एक चप्पल दुभाजकापाशी जाऊन पडली होती, आणि त्या मात्र "मला काही झालेलं नाही, जाऊ द्या त्याला" असेच म्हणत होत्या. चालकाने हात जोडले आणि आम्ही त्याला जाऊ दिले. दुपारी गुडघा टरारून सुजला, एक्स-रेमध्ये गुडघ्याच्या वाटीला तडा गेलेला दिसला, आणि आमच्याकडे गाडीच्या नंबरचे शेवटचे दोनच आकडे होते. कृपया आमच्यासारखे करू नका. जखमी माणूस कितीही ठणठणीत वाटला तरी गाडीचा पूर्ण नंबर आणि चालकाच्या परवान्याचा फोटो घ्या, ११२ वर कळवा, आणि दवाखान्यात 'गाडीने धडक दिली' असेच स्पष्ट सांगा, म्हणजे एमएलसी (पोलिसांना कळवले जाणारे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) म्हणून नोंद होते.

सी-१०२ : ताई, आईंना लवकर आराम पडो. अजून वेळ गेलेली नाही, आजच पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत असल्याने गाडी सापडल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. मात्र २०२२ पासून त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, आणि अर्ज आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. गाडी सापडलीच नाही तर 'हिट अँड रन' योजनेतून गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. याशिवाय २०२५ च्या केंद्रीय योजनेप्रमाणे नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता होतात. आज शनिवार आहे, म्हणून ही चौकशी सर्वांत आधी करा.

ए-२०१ : त्या वेळी मी पलीकडच्या फुटपाथवर होते, पण साक्षीच्या फेऱ्यात अडकू या भीतीने पुढे आले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

सी-१०२ : वहिनी, जखमीला मदत करणाऱ्यावर स्वतःचे नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने तसे संरक्षण दिले आहे. साक्ष द्यायची की नाही हे तुम्ही स्वखुशीने ठरवा.

सचिव : गेटच्या कॅमेऱ्यातील जुने चित्रण पंधरा दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून मंगळवारचे चित्रण मी आताच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवले आहे. गाडी वळताना मागची नंबरप्लेट दिसते आहे.

ए-२०१ : ताई, पोलीस ठाण्यात जाताना मला हाक मारा, मी सोबत येते.