बीआरसीए टेस्ट: 'एकदा कळलं की निवांत' म्हणणाऱ्यांसाठी

खारघरची वहिनी: काल कुणीतरी इथे लिहिलं, "घरात कॅन्सर असो-नसो, सगळ्यांनी जीन टेस्ट करा, एकदा कळलं की निवांत." निवांत? आईला ओव्हरीचा, मावशीला ब्रेस्टचा, माझी बीआरसीए1 पॉझिटिव्ह, म्हणजे त्या जीनमध्ये कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष. ऐंशीपर्यंत ब्रेस्टचा धोका 70 टक्क्यांच्या घरात, ओव्हरीचा 44. दरवर्षी एमआरआयची तारीख जवळ आली की मी घरात सगळ्यांवर खेकसते. अंघोळ करताना हात आपोआप काखेत जातो, गाठ चाचपायला.

पुरावा दाखवा: कालचं मीच लिहिलं होतं. मग काय, डोळे मिटून बसायचं? हॉलिवूडच्या अँजेलिना जोलीला ब्रेस्टचा धोका 87 टक्के सांगितला होता, तिने 2013 मध्ये जाहीरपणे लिहिलं की स्तन काढून टाकले. उपाय आहे म्हणूनच कळायला हवं ना?

खारघरची वहिनी: टेस्ट नको असं मी म्हटलंय कुठे? रिपोर्ट लॅबने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, मी मंडईत मेथी निवडत होते. आधी-नंतर समजावणारं कुणी नाही. राग त्याचा आहे.

लेकीचा बाप: जरा वेगळं विचारतो. बायकोकडून मुलीला बीआरसीए2 या तसल्याच दुसऱ्या जीनचा दोष आलाय. स्थळं बघतोय. मुलाकडच्यांना सांगायचं का? लोक मंगळसुद्धा लपवतात.

तिरपागडी: तुमच्या मुलाची टेस्ट केलीत?

लेकीचा बाप: त्याचा काय संबंध? तो बंगळुरूला असतो.

तिरपागडी: वा! बंगळुरूला जीन पोचत नाही वाटतं. मुलगा असो की मुलगी, शक्यता 50 टक्केच. बीआरसीए2 मध्ये पुरुषांना प्रोस्टेटचा धोका वाढतो, ब्रेस्ट कॅन्सरसुद्धा होतो. पण डाग फक्त पोरीच्या पत्रिकेला! माझ्या दिराने अजून टेस्ट केली नाही, नणंदेचं मात्र जमलेलं लग्न मोडलं.

लेकीचा बाप: तुमच्या घरचा राग माझ्यावर काढू नका. बापाची झोप उडालीय इथे.

तिरपागडी: लेकीची नाही उडाली?

अधांतरी: भांडा तुम्ही. माझा रिपोर्ट 'व्हीयूएस'. म्हणजे बदल सापडलाय, पण घातक की निरुपद्रवी ते सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात यावर ऑपरेशन ठरवायचं नाही. पैसे भरून टांगून घेतलं स्वतःला.

पुरावा दाखवा: बरं बाई, 'निवांत' मागे घेतो. 'असो-नसो'ही. आधी घरातल्या आजारी माणसाची टेस्ट करतात, त्यात दोष सापडला तरच बाकीच्यांच्या निगेटिव्हला खरा अर्थ. झालं समाधान? 'टेस्ट करा' मात्र मागे घेणार नाही.

खारघरची वहिनी: उपकार झाले.

लेकीचा बाप: मुलाला फोन केला, बघतो म्हणाला. पण स्थळाला सांगायचं की नाही, ते कुणीच बोललं नाही.

तिरपागडी: लेकीला विचारा.